मुनीमचे टाके

मल्लिनाथनं मुनीमला डाव्या तळहातावर उताणं धरलं आणि उजव्या हातानं मोबाईलच्या बॅटरीचा उजेड पाडला. टाके जागेवर होते. लाली नव्हती, सूजही कालच्यापेक्षा कमी. फक्त एका टाक्यात तागाचा धागा अडकला होता, आणि मुनीम मान वाकडी करून नेमका तोच दातात धरायला बघत होता.

“ए, गप की जरा!”

पलंगावर बाळाला घेऊन बसलेली वर्षाराणी तिथूनच म्हणाली, “खाली बारदाना कुणी घातला?”

“मीच. मऊ लागंल म्हणून.”

“तुमाला सगळं जग बारदान्यातच बांधायचं असतंय. मऊ हाय का ते? माझ्या जुन्या साडीचा तुकडा घ्या, खुंटीवर हाय.”

मल्लिनाथनं चिमट्यानं तो धागा हलकेच काढला. चूक त्याच्यातल्या आडत्याचीच होती. लातूरच्या मार्केट यार्डात, धान्याच्या आडतीत जन्म गेलेला माणूस. काही जपून ठेवायचं म्हटलं की त्याचा हात पहिल्यांदा पोत्याकडेच जायचा. त्यानं खोक्यातला बारदाना काढून फेकला, साडीचा तुकडा अंथरला आणि मुनीमला त्यावर सोडलं.

मुनीम म्हणजे उंदीर. पांढराशुभ्र, फक्त डोकं राखाडी. मागच्या दोन पायांवर बसून पुढचे हात जोडल्यासारखे धरायचा, दुकानातला म्हातारा मुनीम गिऱ्हाइकासमोर धरतो तसे. वर्षाराणीचा भाऊ हरिओम हैदराबादला नोकरीला लागला तेव्हा ‘थोडे दिवस ठेवा’ म्हणून दोन उंदरांचा पिंजरा ठेवून गेला, तो परत न्यायला आलाच नाही. दोघंही नर आहेत असं छातीठोक सांगून गेला होता. त्यातल्या एकाला, म्हणजे बुंदीला, पिल्लं झाली तेव्हा मल्लिनाथनं त्याला फोटो पाठवला. हरिओमनं उत्तरात नुसते जोडलेले हात पाठवले.

पिल्लं कशीबशी लोकांना वाटून टाकली. पण आडतीत टिंगल व्हायची ती झालीच.

“आप्पा, आम्ही गोदामात पिंजरे लावायचे अन् तुम्ही घरात पाळणे हलवायचे व्हय?” किशनदा हमाल सगळ्यांसमोर म्हणाला होता.

म्हणून ऑपरेशन. ते झालं त्या दिवशी मुनीम भुलीतून उठला तेव्हा बर्फासारखा गार होता. जनावरांच्या डॉक्टर लुंबिनी मॅडम म्हणाल्या, ऊब द्या. मल्लिनाथनं सदऱ्याची दोन बटणं काढली आणि त्याला सरळ आत, गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीशेजारी ठेवलं. तसाच गाडी चालवत घरी आला. दारात त्याच्या आईनं, शरणम्मानं, सदऱ्यातून बाहेर आलेलं गुलाबी नाक बघितलं आणि कपाळाला हात लावला.

“शिव शिव! लिंगाजवळ उंदीर?”

“अव्वा, गारठलंय ते.”

“तुझा बाप असता तर तुला बी त्या पिंजऱ्यात घातला असता.”

पण संध्याकाळी तिनंच विचारलं होतं, उंदरानं काही खाल्लं का म्हणून. खाल्लं होतं. दहीभात, बोटभर. मल्लिनाथला त्याचंच नवल वाटलं होतं. सकाळी कापलं, संध्याकाळी जेवला.

आता तो बोटावर दही घेऊन त्यात औषधाचे थेंब कालवत होता. मुनीम हात जोडून वाट बघत होता. पलीकडच्या पिंजऱ्यातून बुंदी गजांना नाक लावून इकडे बघत होती.

“तिला सोडा की याच्याजवळ,” वर्षाराणी म्हणाली.

“छ्या. अजून काही आठवडे न्हाई. ऑपरेशन झालं तरी आधीचं शिल्लक असतंय म्हणे. पुन्हा पिल्लं व्हतील.”

“मग हिचंच का न्हाई केलं?”

मल्लिनाथला अशा प्रश्नांची हौस होती. गेले कित्येक दिवस तो मोबाईलवर उंदरांचेच व्हिडिओ बघत होता. बघून बघून त्याला मॅडमइतकंच कळायला लागलं होतं, असं त्याचं मत होतं.

“अगं, मादीचं पोट उघडावं लागतंय. आतपर्यंत जावं लागतंय. भूल जास्त, रक्त जातंय, जीवाला धोका. अन् नराचं काय, वरच्यावरच असतंय. जरा कापलं, टाका घातला, झालं. मॅडमनी इचारलं, कुणाचं करायचं? मी म्हणलं, इचारायचं काय त्यात? नराचंच करा.”

“हाव,” वर्षाराणी मान डोलावून म्हणाली.

तिनं बाळाला खाली निजवलं. पलंगाखालची पिशवी ओढली आणि त्यात एक गाऊन घडी करून ठेवला. मग टॉवेल. मग दवाखान्याचे कागद.

मल्लिनाथचं बोट पुढेच राहिलं. मुनीमनं दही चाटून संपवलं तरी तो बोट तसंच धरून बसला.

वर्षाराणीच्याही ऑपरेशनची तारीख ठरली होती. येत्या गुरुवारी. सोयाबीनची आवक सुरू व्हायच्या आत उरकायचं, असं शरणम्मानं ठरवलं होतं. एकदा सीझन लागला की आडत्याच्या घरात कुणाला मरायलाही फुरसत नसते. दोन लेकरं झाली, आता बस. यात कुणाचं दुमत नव्हतं. बाळाच्या वेळी वर्षाराणीचं रक्त लई गेलं होतं, भुलीतून उठायलाही उशीर लावला होता तिनं. मल्लिनाथ तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात बसून नुसता लिंगाची डबी मुठीत दाबत होता. रक्त अजूनही भरलेलं नव्हतं. ती जिना चढली की मधेच थांबायची.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एकदा सहज म्हटलं होतं, गडी माणसाचंही होतं बरं का. मल्लिनाथ हसला होता. “आमाला पोती उचलायची असतात, डॉक्टर.” पोती किशनदा उचलायचा. मल्लिनाथ गादीवर बसून फोन उचलायचा.

दुसऱ्या दिवशी तो मुनीमला तपासायला घेऊन गेला. लुंबिनी मॅडमनी टाके बघितले, छान आहे म्हणाल्या. मल्लिनाथ खोकं उचलेना.

“अजून काही?”

“मॅडम, माणसाचं बी असंच असतंय का?”

“कशाचं?”

“हेच. नराचं सोपं, मादीचं अवघड.”

मॅडमनी हातमोजे काढले. “आप्पा, मी जनावरांची डॉक्टर आहे.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “पण हाव. तसंच असतंय. उलट माणसात एवढं बी कापत न्हाईत. नुसती नळी बंद करतात.”

गुरुवारी सकाळी वर्षाराणी उपाशीपोटी तयार झाली. थोरल्या मंजुश्रीची वेणी घातली, बाळासाठी वाटीभर पेज करून शरणम्माच्या हातात दिली आणि बाळाचा पापा घेताना जरा जास्तच वेळ वाकून राहिली. दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. गुंडाळायची, सोडायची.

“वर्षा.”

“हं.”

“तू चहा पिऊन ये खाली. मी जातो आत.”

तिला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि ती त्याच्याकडे असं बघायला लागली की मल्लिनाथला समोरची भिंत बघावी लागली.

“अव्वाला काय सांगायचं?” एवढंच ती म्हणाली.

“तुझंच झालं म्हणून सांगू.”

“अन् मी काय करू मग?”

“झोपून राहा की. आरामात. कधी झोपलीस तू?”

वर्षाराणीनं तोंडाला पदर लावला. हसत होती की काय, त्याला कळलं नाही.

डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं, दोनदा विचारलं, आणि मग काम फार वेळ चाललं नाही. निघताना त्यांनी बजावलं, जड उचलू नका, आणि काही महिने जपून राहा, आधीचं शिल्लक असतं. मल्लिनाथ म्हणाला, “म्हाईत हाय. मुनीमला बी तेच सांगितलंय.” मुनीम कोण, हे डॉक्टरांनी विचारलं नाही.

घरी सगळं ठरल्यासारखं झालं. वर्षाराणी भिंतीला धरून आली आणि पलंगावर पडली. शरणम्मानं तिला साजूक तुपातला शिरा करून दिला, बाळाला स्वतःजवळ घेतलं. मल्लिनाथ दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊन गादीवर उशी घेऊन बसला. किशनदा म्हणाला, “आप्पा, आज लई बेतानं चालायलात?” तो म्हणाला, पाठ धरलीय.

संध्याकाळी तो घरी आला आणि मुनीमच्या खोक्याशी बेतानं टेकला. मुनीम आता खोक्याच्या काठावर चढायला बघत होता. मल्लिनाथ त्याला परत परत खाली ठेवत होता.

“उड्या मारायच्या न्हाईत अजून. तुला कळतंय का?”

शरणम्मा बाळाला घेऊन अंगणात गेली होती. गॅसवर दूध होतं. ते फसफसून वर आलं तसा वास सुटला, आणि वर्षाराणी पलंगावरून उडी मारून धावली. मल्लिनाथही घाईनं उठायला गेला, निम्म्यात ‘आई गं’ करत पुन्हा खाली बसला.

वर्षाराणीनं गॅस बंद केला, वाकून फडकं घेतलं, सांडलेलं पुसलं, ताठ उभी राहिली.

दारात शरणम्मा उभी होती.

तिनं सुनेकडे बघितलं. मग लेकाकडे, त्याच्या पोटाशी घट्ट धरलेल्या हाताकडे. खोक्यातल्या मुनीमकडेही बघितलं. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं.

तिनं बाळाला निजवलं, उरलेलं दूध दोन पेल्यांत ओतलं, दोन्हीत हळद घातली. पहिला पेला लेकाच्या हातात दिला.

“पी. गरम हाय, सावकाश.”

“अव्वा, ते…” वर्षाराणी म्हणाली.

“माझं झालं तवा तिसऱ्या दिवशी शेंगा तोडायला गेले व्हते मी,” शरणम्मा म्हणाली. “कुणी म्हणलं बी न्हाई, बस म्हणून.” दुसरा पेला तिनं सुनेपुढे धरला. “जा, पड.”

तेवढ्यात बाहेरून शेजारच्या महादेवप्पाच्या बायकोचा आवाज आला. “शरणम्मा, सून कशी हाय ओ? जरा बघून जाते म्हणलं.”

शरणम्मानं डोक्यावरचा पदर नीट केला, दारापर्यंत गेली आणि चौकटीत आडवी उभी राहिली.

“आता नको, बाई. टाके ओले हायत अजून,” ती म्हणाली. “महिनाभर उठू देणार न्हाई मी तिला.”