लिफ्टमधलं मौन

दर गुरुवारी चार वाजता ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत आम्ही सातजण जमायचो. सगळे साठीच्या पुढचे. पुरुषावर जीव लावलेले पुरुष, बाईवर जीव लावलेल्या बायका, आणि एक सिस्टर. सिस्टरना घरच्यांनी मुलगा म्हणून वाढवलं होतं. चाळिसाव्या वर्षी त्या नर्सच्या पांढऱ्या पोशाखात वॉर्डात गेल्या आणि म्हणाल्या, "आजपासून मला सिस्टर म्हणा, नाहीतर इंजेक्शन दुखेल असं देईन."

आपापल्या आयुष्याची गोष्ट लिहायची आणि मोठ्याने वाचायची, एवढंच तिथलं काम. ग्रंथपाल बाईंनी एक नियम घातला होता. वाचून झाल्यावर कोणी "वा, छान" म्हणायचं नाही. फक्त प्रश्न विचारायचे.

माझी पाळी आली तेव्हा मी चार पानं वाचली. छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं तपासलेली बाई मी. पानावर एक खाडाखोड नव्हती. आणि एकही खोटं वाक्य नव्हतं, कारण खोटं बोलायचं नाही हे माझं एकोणिसाव्या वर्षापासूनचं व्रत. सकाळी सातला प्रार्थनागृहात जाणं, त्यानंतर आठ ते नऊ मौन, आणि दिवसभरात एकही असत्य शब्द नाही. देवाच्या कृपेने तिन्ही आजवर पाळली.

वाचून झालं. खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"एक विचारू?" सिस्टर म्हणाल्या. "दुसऱ्या पानावर तुमच्या टेबलावर दोन चष्मे आहेत. तुम्हाला नाकं किती?"

सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले.

"आणि ती लिफ्ट," निवृत्त रेल्वे गार्डसाहेब म्हणाले. "तुम्ही लिहिलंय, 'लिफ्ट बंद पडली. थोड्या वेळाने सुरू झाली.' आपोआप?"

मी पानं उलटी करून ठेवली.

"अहो, लाजू नका," गार्डसाहेब म्हणाले. "मी बावीस वर्षं घरात दोन पलंग ठेवले. दुसऱ्यावर कोणी झोपायचं नाही. दर रविवारी मीच त्याची चादर चुरगाळायचो, मीच धुवायचो, मीच दोरीवर टाकायचो. शेजारणीला दिसायला हवी ना! पहिल्यांदा इथे लिहायला बसलो तर हाताने आपोआप दोन पलंग लिहिले. ज्याच्यासोबत राहिलो तो माणूस जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी कागदावर मी अजून चादर चुरगाळतच होतो."

तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं. खोटं बोलायचं नाही, आणि खरं सांगायचं नाही. या दोन्हींच्या मधून वाट काढत वाक्यं बांधायची कला मी चाळीस वर्षांत इतकी घोटली होती, की स्वतःची गोष्ट लिहितानाही तीच वापरली. जिच्याशी संसार केला, नेमकं तिलाच गाळून.

घरी येऊन मी ती पानं तिला दाखवली. ती म्हणजे लिफ्टची मेकॅनिक. आता एकाहत्तर वर्षांची आहे, पण अजून कोणत्याही इमारतीत शिरली की आधी लिफ्टचा आवाज ऐकते आणि मग माणसांशी बोलते. तिने उभ्या उभ्या चारही पानं वाचली.

"मी कुठेय?"

"दुसऱ्या पानावर."

तिने पुन्हा पाहिलं. "हा चष्मा? चाळीस वर्षं तुझ्यासोबत राहिले, साध्वीबाई, आणि तुझ्या गोष्टीत मी चष्मा?"

"अगं, हळू बोल."

"का हळू? चष्मा कधी बोलतो का?"

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पानं नीट जुळवून टेबलावर ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली. भांडी घासताना ती नेहमी गाणं म्हणते. त्या दिवशी नुसता नळाचा आवाज येत राहिला.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मौन सुटलं तशी मी नवीन कागद घेतले आणि सगळं लिहिलं. तीन दिवस लागले.

पुढे ग्रंथालयाने रविवारी दुपारी मोठ्या दालनात आमचं वाचन ठेवलं. फलकावर फक्त 'ज्येष्ठांच्या जीवनकथा' असं लिहिलं होतं. आम्हीच तसं सुचवलं होतं, जुनी सवय. तो फलक मोठ्या बाईंनी वाचला. मोठ्या बाई म्हणजे आमच्या प्रार्थनागृहाच्या प्रमुख, निवृत्त मुख्याध्यापिका. सोमवारी त्या म्हणाल्या, "आपली वाचक ग्रंथालयात वाचणार! आम्ही सगळ्या येतोय."

मी सव्वीस वर्षं वाचक म्हणून प्रार्थनेच्या पुस्तकामागे बसत आले. त्या जागेवर मी म्हातारी झाले. ती जागा गेली तर माझ्या सकाळचं काय उरेल, हे मला माहीत नव्हतं.

रविवारी माझ्या पिशवीत दोन्ही गोष्टी होत्या. चष्म्याची आणि तिची. चष्म्याची वाचली असती तरी व्रत मोडलं नसतं. देवाला फसवलं असं कोणी म्हणू शकलं नसतं. हेच मला सगळ्यात जास्त टोचत होतं.

"कोणती वाचणार?" तिने दारात चपला घालता घालता विचारलं.

"माहीत नाही."

"बरं. मी मागे उभी राहते. कोणतीही वाच."

दालन भरलं होतं. मोठ्या बाई आणि प्रार्थनागृहाच्या दहाजणी दुसऱ्या रांगेत, पदर आवरून, कौतुकाने बसल्या होत्या. गार्डसाहेबांनी पलंगाची गोष्ट वाचली तेव्हा त्या रांगेत थोडी कुजबूज झाली. मग माझं नाव पुकारलं. पिशवीत हात घातला. नवीन कागद जाडसर होते, बोटांनाच कळले. तेच बाहेर काढले.

"मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते," मी वाचायला लागले. "छापखाना पाचव्या मजल्यावर होता. एका सकाळी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट थांबली. आत मी एकटी. माझं मौन सुरू होतं. वरून एक बाई ओरडली, 'आत कोण आहे? बोला!' मी बोलले नाही. ती पुन्हा ओरडली, 'अहो, जिवंत आहात का?' मी लिफ्टच्या भिंतीवर दोनदा टकटक केलं. तिला वाटलं मी बेशुद्ध पडतेय. ती छताची झडप उघडून आत उतरली. तेलाने काळे हात, पायात बूट, तोंडात शिव्या. मी प्रुफाच्या कोऱ्या बाजूवर लिहून दाखवलं: माझं मौन आहे. सात मिनिटं राहिली."

"अकरा!" मागून आवाज आला.

सगळ्या माना वळल्या. ती शेवटच्या रांगेमागे भिंतीला टेकून उभी होती.

"सात," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

"अगं, अकरा! माझ्या घड्याळात बघत होते मी. सात मिनिटांसाठी कोणी एवढं वैतागतं का?"

"तू गप्प बस. माझी गोष्ट आहे."

"माझीपण आहे!"

दालनात हसू फुटलं. सिस्टर तर टाळ्याच वाजवायला लागल्या. मी दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. मोठ्या बाई हसत नव्हत्या. त्या कधी माझ्याकडे बघत होत्या, कधी मागे.

चाळीस वर्षं जे तोलून मापून बोलले ते सगळं बाजूला पडलं, आणि आत मोकळी, तरीही भरलेली अशी एक जागा लागली.

"ही ती," मी कागद खाली ठेवून म्हणाले. "हिने त्या लिफ्टमध्ये माझ्या शेजारी खाली बसून मौन सुटायची वाट पाहिली. लिफ्ट दुरुस्त करायची सोडून. नऊ वाजले तेव्हा मी पहिला शब्द बोलले तो हिच्याशी. तेव्हापासून रोज नऊ वाजता पहिला शब्द हिच्याशीच बोलते. ही माझी जोडीदार आहे. मी कधी खोटं बोलले नाही, हे खरं. पण हे बोलले नव्हते."

मग उरलेली दोन पानं वाचली. त्यात आमचं घर, तिचा टायफॉइड, माझी आई गेल्यावर तिने तीन महिने माझ्यासाठी केलेला स्वयंपाक, सगळं आलं. ती आणखी दोनदा मध्ये बोलली.

वाचन संपल्यावर मोठ्या बाई माझ्यापाशी आल्या.

"तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत."

"नाही सांगितलं, बाई."

"उद्या वाचायला येऊ नका." त्यांचा आवाज कडक नव्हता, गोंधळलेला होता. "मला बायकांशी बोलावं लागेल."

"बोला," मी म्हणाले. "वाचणार नाही. पण येईन. रोज येते तशी. आणि आता हिलाही आणेन."

दुसऱ्या दिवशी सातला आम्ही दोघी गेलो आणि शेवटच्या बाकावर बसलो. माझ्या जागेवर दुसरी बाई वाचत होती, अडखळत होती, पान चुकत होती. दोघीजणी आमच्यापासून लांब सरकल्या. एकीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. असे नऊ दिवस गेले. ती रोज माझ्यासोबत उठायची, जांभया द्यायची, आणि एकदाही कुरकुरली नाही.

दहाव्या दिवशी मोठ्या बाई दारातच भेटल्या. "सातजणी हो म्हणाल्या. दोघी नाही. एकीने अजून फोन उचललेला नाही." दार उघडत त्या म्हणाल्या, "आणि मी हो. चला, उशीर होतोय."

मी पुस्तकामागे बसले. आमच्या प्रार्थनेत शेवटी वाचक आपल्या घरच्या माणसांची नावं मोठ्याने घेते आणि त्यांच्यासाठी आशीर्वाद मागते. सव्वीस वर्षं मी आईवडिलांची आणि दोन भावांची नावं घेत होते. त्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी तिचं नाव घेतलं. स्पष्ट, पूर्ण नाव.

गेले नऊ दिवस प्रार्थना शेवटाला येईपर्यंत तिला डुलकी लागायची; आज स्वतःचं नाव ऐकून ती दचकून जागी झाली. तिला वाटलं हजेरी चालली आहे.

"हजर!" शेवटच्या बाकावरून ती खणखणीत आवाजात म्हणाली.

समोरच्या बायका हसल्या, तोंडावर हात ठेवून, मग न ठेवता. मोठ्या बाईंनी डोळे मिटलेलेच ठेवले, पण त्यांचे ओठ हलले. मी पुढचं नाव घेतलं.