माझ्या वाटीवरचे भांडण

मित्रांनो, मी एक म्हातारी बजी आहे. मुठीत मावेल एवढा, लांब शेपटीचा पोपट म्हणजे बजी. माझा रंग फिकट निळा, जपानीत त्या रंगाला आसागी म्हणतात, म्हणून माझे नाव आसागी. मी चावते. हे आधीच सांगितलेले बरे, कारण माझी गोष्ट ऐकून तुमच्यातल्या कुणाला माझ्या डोक्यावरून बोट फिरवावेसे वाटेल. फिरवू नका. माणसांच्या मायेपायी मी एकदा मरायला टेकले होते, आणि तेव्हापासून मला तिचा राग आहे.

माझा जन्म एका पक्षी पाळणाऱ्याच्या लाकडी खोपटात झाला. अंड्याच्या बलकात घोळवून वाळवलेले राळे तो कोमट पाण्यात भिजवायचा आणि आम्हा उघड्याबोडक्या पिल्लांना चमच्याने भरवायचा. पिसे फुटायला आणि अंग धरायला अंड्यातले प्रथिन लागते, हे त्याला ठाऊक होते. तो आमच्याशी गोड बोलत नसे. चमचा मात्र कधी चुकवत नसे. आजवर भेटलेल्या माणसांत मला तेवढा एकच बरा वाटला.

पुढे जपानातल्या तोयोहाशी गावातल्या नोरियुकी नावाच्या माणसाने मला विकत घेतले. त्याच्या घरात दोन बायका होत्या. एक त्याची बायको मिसाओ. ती शाळांना दुपारचे जेवण पुरवणाऱ्या स्वयंपाकघरात मुलांचा आहार ठरवायची. दुसरी त्याची थोरली बहीण तोमिए. तिने लग्न केले नव्हते. चिकुवा, म्हणजे माशाच्या लगद्याच्या भाजलेल्या खारट नळकांड्या, विकणाऱ्या दुकानात ती गल्ल्यावर बसायची. या नणंद-भावजयीचे एका गोष्टीवर एकमत होते. दुसरी या घरात नसती तर किती बरे झाले असते!

मी आले आणि थोड्याच दिवसांत नोरियुकीची बदली दूर सेंदाईला झाली. निघताना तो दारात म्हणाला, "आसागीला दोघी मिळून सांभाळा हं." आणि गेला. भांडणाला विषय नव्हता, तो देऊन गेला.

सुरुवातीला माझ्या वाटीवर तोमिएचे राज्य होते. वरी आणि राळे, राळे आणि वरी. सणासुदीला स्पंज केकचा चुरा. मला ते आवडायचे, खोटे कशाला बोलू? दाणे सोलत बसायला मजा येते. पण पिसे झडण्याचा हंगाम आला, जुनी पिसे गळाली आणि नवी येईनात. आली ती ठिसूळ, काडीसारखी मोडणारी. मान उघडी पडली. आरशात पाहिले की मी आरशालाच टोचत असे.

"नेसान, हिची मान बघा," मिसाओ म्हणाली. नेसान म्हणजे ताई. पण मिसाओच्या तोंडी हा शब्द लिंबू पिळल्यासारखा यायचा. "नुसत्या दाण्यांवर पिसं येत नाहीत. प्रथिनं लागतात. हिरवा पाला लागतो."

"आमच्या आईनं जन्मभर पाखरं पाळली," तोमिए म्हणाली. "दाण्यावर. एकही टकलं नव्हतं."

"किती वर्षं जगायची ती?"

"तुझ्या स्वयंपाकघरातली पोरं भाजी टाकून देतात म्हणे. आता पाखराच्या मागे लागलीस?"

मिसाओचे कान लाल झाले. मग तोमिए दुकानातल्या बायकांबरोबर गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेली, तेव्हा मिसाओने डाव साधला. दाण्यांची वाटी उचलून नेली. तिच्या जागी गाजराचे तुकडे, कोमात्सुना या पालकासारख्या भाजीची हिरवी पाने आणि उकडलेले अंडे ठेवले. एकदम, एका सकाळी!

मित्रांनो, अन्न म्हणजे काय हे आम्ही लहानपणी शिकतो. राळ्यांवरचा बलक मी ओळखत होते. हा पांढरा डोळा मी ओळखत नव्हते. आणि ते केशरी चौकोनी काय होते? मी त्यांना भिऊन पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात बसले ती बसलेच. मिसाओ समोर खुर्ची टाकून म्हणायची, "भूक लागली की खाशील. मुलंही अशीच करतात." मुले बिचारी शाळा सुटल्यावर घरी जाऊन खात असतील. मी कुठे जाणार होते?

तोमिए परत आली तेव्हा मला दांडी धरवत नव्हती. तिने हातातली पिशवी तशीच खाली टाकली.

"उपाशी मारतेस हिला? माझ्या पाठीमागे?"

"चांगलं खायला घातलंय मी, नेसान. तुमच्या केकपेक्षा चांगलं."

"खाल्लं का तिनं? एक कण तरी?"

तोमिएने दाण्यांची वाटी परत पिंजऱ्यात ठेवली. मिसाओने दार आपटले. त्या दिवसापासून दोघींनी बोलणे टाकले. रविवारी नोरियुकीचा फोन आला की एक सांगायची, "आसागी छान आहे." मग दुसरी फोन ओढून सांगायची, "छानच आहे." एवढेच त्या घरातले संभाषण.

मिसाओ हट्टी होती, पण मूर्ख नव्हती. ती आता सकाळी कामावर जाण्याआधी येऊ लागली. दाणे तसेच ठेवायची आणि त्यांवर अंड्याचा चिमूटभर बारीक चुरा भुरभुरायची. दाणे सोलता सोलता तो चोचीला लागला. खोपटातल्या चमच्याची चव जिभेवर आली आणि मी आणखी शोधू लागले. कोमात्सुनाचे ओले पान तिने जाळीला अडकवले. आधी मी ते फाडले, मग पाणी चाखले, मग पानच खाल्ले. पुढच्या हंगामात माझी मान भरून आली. मिसाओची पावले ऐकली की मी दारापाशी धावायचे.

ते तोमिएने पाहिले. हे पाखरू आजवर तिला पाहून आनंदाने ओरडायचे. आता दुसरीच्या हातावर उडी मारत होते. तिने आपल्या परीने उपाय शोधला. या गावात लाव्याची अंडी ढिगाने मिळतात. दुपारी दुकानातून आली की ती एक उकडायची आणि अख्खा बलक मला द्यायची. वर बलकात घोळवलेले राळे. वर चिकुवाचा तुकडा.

"खा, खा," ती कुजबुजायची. "प्रथिनं हवीत ना तिला? मासा म्हणजे प्रथिनच की. ती काय देते, चिमूटभर? कंजूस मेली."

मी सगळे खाल्ले. मिसाओचेही खाल्ले, तोमिएचेही खाल्ले. मला पोट होते, मित्रांनो, वैद्यकी येत नव्हती.

आम्हा माद्यांचे एक आहे. असा रोज पंचपक्वान्नांचा थाट दिसला की अंगाला वाटते, सुगी आली, आता अंडी घालावीत. नर नसला तरी चालते. मी अंडे घातले. मिसाओला वाटले, माझ्यामुळे अंग धरले. तोमिएला वाटले, माझ्यामुळे. दोघी मनात फुगल्या आणि माझी वाटी आणखी भरली. अंडे उचलून नेले की मी दुसरे घालायचे. अंडी काही फुकट होत नाहीत. कवच माझ्याच हाडांतून निघत होते. आणि एक दिवस अंडे आतच अडकले.

मी पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसले. शेपूट प्रत्येक श्वासाला हलत होती. तो सुट्टीचा दिवस होता, दोघी घरात होत्या. पहिल्यांदाच त्या एका गाडीत बसल्या. मी तोमिएच्या मांडीवर पेटीत, मिसाओ गाडी चालवत.

पक्ष्यांच्या डॉक्टर कुसाकाबे बाईंनी मला ऊब दिली, सुई टोचली आणि बऱ्याच वेळाने अंडे सोडवले. मी त्यांच्या बोटाचा चावा घेतला. त्या म्हणाल्या, "चावतेय. म्हणजे जगेल." मग त्यांनी दोघींकडे पाहिले. "हिला खायला काय देता?"

"सकाळी थोडं अंडं," मिसाओ म्हणाली.

"रोज?"

"रोज."

"दुपारी लाव्याचा बलक," तोमिए म्हणाली.

मिसाओ गर्रकन वळली. "काय? अख्खा?"

"तू रोज देतेस हे कुणी सांगितलं मला? मी देते तेव्हा तू घरी नसतेस."

"आणखी काही?" डॉक्टरांनी विचारले.

तोमिएने मान खाली घातली. "चिकुवा."

"मीठ! एवढ्याशा जीवाला?" मिसाओ ओरडली. "नेसान, तुम्ही..."

"पुरे!" कुसाकाबे बाईंनी टेबलावर हात आपटला. मीसुद्धा दचकले. "अंडं वाईट नाही. पिसं झडतात तेव्हा आठवड्यातून दोनदा चिमूटभर द्यायचं, एरवी त्याहून कमी. आता अंडी थांबेपर्यंत मुळीच नाही. पाला रोज, धुऊन, आणि सुकायच्या आत काढायचा. दाणे मोजून. खारट, गोड काही नाही. हे सगळं तुम्हाला कुणीही सांगितलं असतं. मला एवढंच सांगा, एका छपराखाली राहता, आणि एकीनं दुसरीला विचारलं नाही, आज हिला काय दिलंस?"

तोमिएने माझी पेटी उचलली.

बाहेर गाडीपाशी आल्यावर तोमिए म्हणाली, "त्या घरात मी आले की आनंदानं ओरडणारं दुसरं कोण आहे?"

"आणि मला कोण आहे?" मिसाओ म्हणाली. "नवरा फोनवर पाखराची चौकशी करतो."

तुम्हाला वाटेल, आता त्या गळ्यात पडल्या असतील. छे! मिसाओने गाडीचे दार उघडले आणि तोमिएने ते स्वतःच लावून घेतले, जोरात.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तोमिएच्या बंद खोलीबाहेर मिसाओ उभी राहिली. "नेसान, पाला मी दिलाय."

आतून आवाज आला, "धुतलास का?"

"धुतला."

"बरं."

माझी अंडी थांबली. पिसे झडण्याचा हंगाम पुन्हा आला, तेव्हा त्या दाराशी अंड्याचा सवाल-जवाब सुरू झाला. नोरियुकी परत आला तेव्हाही तो चालूच होता. त्या अजून एकमेकींचा राग करतात, आणि मी दोघींचा. पण रोज एक प्रश्न विचारला जातो आणि त्याला खरे उत्तर मिळते. त्या उत्तरावर मी म्हातारी झाले.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी कुणी पाखरू आणले तर त्याला नुसत्या दाण्यांवर झिजवू नका आणि प्रेमाच्या भरात फुगवूही नका. नवे अन्न जुन्याच्या जोडीने, हळूहळू द्या. आणि तुमचे आपसांत पटत नसेल तर नसो, मला त्याचे काही नाही. भांडा. पण वाटीत काही टाकण्याआधी घरातल्या माणसाला विचारा. आमच्यापैकी कितीतरी जणी असेच अंडे अडकून गेल्या, आणि त्यांच्या घरी सगळ्यांना वाटत राहिले की आपण तिचे फार लाड केले.