खालच्या सिलिंडरातलं तेल

केदारखेड्याच्या सप्त्यात काल्याचं कीर्तन ऐन रंगात आलं होतं, आणि मृदंगावर बसलेल्या भुजंगाचा हात दुसऱ्यांदा ठेक्यावरून घसरला. रखमाजीबुवांनी गाता गाताच डोळे वटारले. पण भुजंगाचं ध्यान मांडवाबाहेर होतं. तिथं पडीक रानात विमान उभं होतं. धुळीत वाट चुकून, पेट्रोल संपत आलं म्हणून ते गुरुवारी उतरलं होतं. आज रविवारी औरंगाबादेहून पेट्रोलची पिंपं आली, आणि वैमानिकाला निघायची घाई झाली होती.

लढाईच्या वक्ताला भुजंग आसामात विमानांचा फिटर होता. असलीच इंजिनं. नऊ सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे गोल मांडलेले, पाण्याचं नाव न्हाई, वाऱ्यानंच थंड व्हायचं. पण दोन-चार दिवस उभं राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचायचं. म्हणून पंखा आधी हातानं फिरवून बघायचाच. एकदा साहेब "जल्दी, जल्दी" म्हणाला आणि भुजंगानं ते टाळलं. तेल काही दबत न्हाई, चालू करताच आतला दांडा वाकला आणि पुढं आभाळात तुटला. वैमानिक जेमतेम विशीचा होता.

सकाळी भुजंगानं विमानाखाली सांडलेल्या तेलाला बोट लावून पाहिलं, तेव्हा वैमानिक दीनानाथ करवादला होता, "तुमच्याच म्हातारीचे प्रताप हे!" ते खरंच होतं. शनिवारी गावातल्या म्हाताऱ्या चतुराबाईनं मारुतीला तेल घातलं आणि उरलेलं विमानाच्या नाकावर ओतलं. "उडणाराला तेल घालतोत ना? मंग ह्याला का न्हाई?" भुजंग हसला, बोट धोतराला पुसून मांडवात आला.

आता मांडी बदलताना धोतरावरचा तो डाग दिसला. चतुराबाईचं तेल करडईचं, पिवळं. डाग काळा होता, इंजिनातल्या तेलाचा.

त्यानं मृदंग शेजारच्या मच्छिंद्राच्या मांडीवर ठेवला.

"का रे भुजंगा," बुवा थबकले, "देवाची पंगत बसली अन् तू ताट सोडून चालला?"

"माफी करा बुवा, आलोच."

दीनानाथ आत बसलाही होता. भुजंगानं धावत जाऊन पंख्याचं पातं धरलं.

"बाजूला व्हा! चालू करतोय मी!"

"करा. आधी मला कापा, मंग जा."

शिव्या देत दीनानाथ खाली उतरला. भुजंगानं ठिणगीचं बटण बंद करून घेतलं आणि पाती ओढायला लागला. एक, दोन, तीन. चौथं भिंतीला टेकल्यासारखं थांबलं. दीनानाथनं स्वतः हात घातला.

"जोर नका लावू साहेब, दांडा वाकंल."

भुजंगानं सगळ्यात खालचा प्लग काढला. काळं तेल भळभळत त्याच्या हातांवर आलं. दीनानाथ तिथंच मातीत बसला.

"दाबणारच होतो हो स्टार्टर," एवढंच तो म्हणाला.

प्लग पुसून बसवला. पंखा सरळ फिरला. इंजिन धडधडलं, तसा भुजंग कान देऊन उभा राहिला, नऊच्या नऊ सिलिंडरांचा आवाज वेगवेगळा लागेपर्यंत.

मांडवात बुवांनी तेच चरण धरून ठेवलं होतं. चतुराबाई वाटेतच म्हणाली, "पावलं की न्हाई माझं तेल?"

"पावलं, आजी."

तो मृदंगापुढं बसला. बुवांनी उपरणं त्याच्याकडं टाकलं, "हात पूस." हात पुसूनही तो वाजवीना. वर उडालेल्या विमानाचा आवाज बारीक बारीक होत चालला होता. बुवांनी टाळकऱ्यांना हातानं थांबवलं. आवाज अंबडच्या बाजूला पार विरून गेला, तेव्हा कुठं थाप पडली.