झाकणाच्या आतला हात

नंदनवन वस्तीतल्या एका दोन खोल्यांच्या घरात, गॅसच्या ओट्यावर पालथा घातलेला, कडेला पोचा आलेला स्टीलचा गोल डबा दिसतो ना, मित्रांनो, तो मी. माझ्या झाकणावर 'प्रशिक' असं नाव कोरलेलं आहे. तो प्रशिक आता एका मुलीचा बाप झाला आहे. माझ्यात येणारं जेवण कधीकधी कुठून येतं, हे मात्र मला अजून नीट उमगलेलं नाही. जसं घडलं तसं सांगतो.

पत्र्याच्या चकतीवर यंत्राचा दाब पडला आणि मी जन्मलो. इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानात अंजनाबाईंनी मला उचललं, नखानं वाजवून पाहिलं आणि मुलाचं नाव घालून घेतलं. प्रशिक तेव्हा पहिल्यांदा शाळेत चालला होता. पोळी, बटाट्याची भाजी, कधी गूळ घालून कुस्करलेल्या पोळीचा मलिदा, आणि एका कोपऱ्यात शेंगदाण्याची लाल चटणी. ही चटणी त्यांच्या हातची खासियत होती. झाकण लावलं की त्या त्यावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायच्या आणि म्हणायच्या, "जाय आता, पोट भरून ये." वर्गातली मुलं माझ्याभोवती गोळा व्हायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग प्रशिक मोठा झाला, कारखान्यात लागला, आणि मी माळ्यावर गेलो. माझ्यात खिळे आणि जुने बल्ब पडले. घरात सून आली, प्रीती. तिच्या पोटी उन्नती झाली. हे सगळं मी वरून नुसतं ऐकलं.

एक दिवस मात्र जे ऐकलं, ते विसरता येत नाही. अंजनाबाईंनी नातीला शेंगदाण्याचा लाडू भरवला. थोड्याच वेळात पोरीचे ओठ सुजले, श्वासातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. प्रीती तिला उराशी धरून रामदासपेठेतल्या दवाखान्यात धावली. पोरगी वाचली. डॉक्टरांनी बजावलं, की शेंगदाण्याचा कणही हिच्या पोटात जाता कामा नये.

अंजनाबाईंना ते पटेना. "शेंगदाण्यानं काय होते वं? आमी तं त्याच्यावरच वाढलो."

"तुमी वाढल्या, आई. माही पोरगी मरता मरता राहिली," प्रीती म्हणाली. "आजपासून तिले माह्याशिवाय कोणी काही भरवायचं नाही."

त्या घरात आवाज चढला नाही, पण त्या दिवसापासून अंजनाबाईंचा हात नातीच्या ताटापर्यंत कधी गेला नाही. पुढे त्यांनी मला माळ्यावरून काढलं, राखेनं घासलं, उन्हात ठेवलं. "शाळेचा डबा तरी मले भरू देजो," त्या सुनेला म्हणाल्या. प्रीती पोरीला उचलून आत गेली. त्याच हिवाळ्यात अंजनाबाई गेल्या. मी घासूनपुसून रिकामाच राहिलो.

शाळा उघडल्या आणि उन्नती केजीत गेली. नवा डबा आणायला ऑफिसातून सवड झाली नाही म्हणून प्रीतीनं मलाच घेतलं. किती जपून भरायची ती! कढई वेगळी, चमचा वेगळा, बाहेरचं काही नाही. पहिल्या दिवशी उपमा होता. पोरीला एका हातानं झाकण उघडता यावं म्हणून तिनं कडेला तेलाचं बोट फिरवलं.

दप्तरात अंधार असतो, मित्रांनो, आणि झाकणाच्या आत त्याहून दाट. त्या अंधाराची मला सवय आहे. पण त्या पहिल्याच सकाळी शाळेची व्हॅन चालू असताना माझ्या आत कोणीतरी हात घातला. झाकण उघडलं नव्हतं, तरी हात आला. तो थंड नव्हता, गरमही नव्हता. चुलीपासून नुकतं उठलेल्या माणसासारखा त्याला राखेचा वास होता. त्यानं उपमा एका बाजूला सारला आणि माझं वजन वाढलं.

संध्याकाळी उन्नती आईला म्हणाली, "आजीचा मलिदा मस्त होता."

प्रीती हसली. मग तिनं मला घासायला घेतलं, नाकाशी नेलं आणि तिचं हसू थांबलं. तळाशी गूळ चिकटला होता. त्या दिवशी घरात गूळ नव्हता.

तिनं शाळेत विचारलं. बाई म्हणाल्या, "मलिदाच होता की. तुमीच तं देल्ला ना?"

प्रशिकला सांगितलं, तर तो चपला काढता काढता थबकला. "लेकराले आजीची आठवण येऊन राहिली असन," एवढंच म्हणाला. पण मलिदा म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी पाहिलं. तो माझा जुना मालक आहे, त्याचा चेहरा मला कळतो.

पुढच्या दिवशी प्रीतीनं झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली. शाळेत बाईंनी ती कात्रीनं कापली. आत प्रीतीच्या पोळीशेजारी गरम वाफेची घुगरी होती. उन्नतीला त्यात नवल वाटलं नाही. ती खाता खाता शेजारच्या रिकाम्या बाकड्याकडे पाहून "अजून दे" म्हणाली. हे फक्त मी ऐकलं.

मग तो दिवस आला. व्हॅन दाराशी उभी होती, हॉर्न वाजत होता. उन्नती बूट घालून तयार. प्रीतीनं दप्तर उचललं आणि आतून टकटक झाली. पेरानं केलेली, दोनदा.

प्रीती जागच्या जागी उभी राहिली. मग तिनं मला बाहेर काढून झाकण उघडलं. तिनं भरलेल्या भाताच्या कडेला लालभडक चटणी होती. तेल सुटलेली, नुकती कुटलेली. शेंगदाण्याचा वास घरभर पसरला.

तिनं आधी लेकीला मागं ओढलं. व्हॅन परत पाठवली. उन्नतीला शेजारच्या काकूंकडे बसवलं, घरात आली आणि दार लावून घेतलं. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. बाहेर भाजीवाला ओरडत होता. मी ओट्यावर उघडा होतो.

"आई," ती म्हणाली. "तुमी आहा, हे मले समजलं. आता माहं ऐका. हे पोरीच्या पोटात गेलं तं ती मरते. तुमच्या मायेनंच मरते. तुमाले तिचा श्वास आठवत नाही काय?"

गॅसशेजारची बरणी हलकेच थरथरली.

"मी तुमचा हात थांबवला. भेव वाटत होतं मले, म्हणून. तुमाले समजावून सांगाले पाह्यजे होतं, तेवढा धीर माह्यात नव्हता." ती खाली बसली. "पोरीले नका भरवू, आई. हात जोडते. तुमाले कोणाले तरी भरवायचंच असन, तं मले भरवा. मले तं आजवर कोणी डबा भरून देल्ला नाही."

तिनं मला तीनतीनदा साबणानं धुतलं, पुसलं, रिकामं ठेवलं आणि झाकण लावलं. मग ओट्याला टेकून बसून राहिली.

हात आला. या वेळी खूप सावकाश आला. मधेच थांबला, जणू विचारत होता. मग माझं वजन वाढत गेलं.

प्रीतीनं झाकण उघडलं. ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, वर कच्च्या तेलाची धार आणि कोपऱ्यात ती लाल चटणी. उन्नती पोटात असताना तिला आंबाडीचेच डोहाळे लागले होते, आणि ते तिनं फक्त सासूला सांगितलं होतं.

तिनं भाकरीचा तुकडा मोडून चटणीत बुडवला. मग तिनं खाल्लं. उभ्यानं, रडत, शेवटच्या तुकड्यापर्यंत. नंतर हात कोपरापर्यंत धुतले, साडी बदलली आणि मगच लेकीला जवळ घेतलं.

आता उन्नतीला ससा काढलेला नवा डबा आहे. त्यात फक्त प्रीती भरते, आणि तो उघडल्यावर आत कधी दुसरंच काही निघत नाही. मी प्रीतीसोबत तिच्या ऑफिसात जातो. बहुतेक दिवशी तिनं घातलेलंच जेवण असतं. एखाद्या दिवशी नसतं. शेजारच्या टेबलवाली मुग्धा विचारते, "कोणाच्या हातचं आहे वं हे?" प्रीती म्हणते, "सासूबाईंच्या." मुग्धाला वाटतं, त्या घरी असतील.

तेव्हा मित्रांनो, आम्हा डब्यांना रोज घासा, कोरडं करा, माळ्यावर टाकून विसरू नका. आणि कोणाच्या लेकराच्या डब्यात मायेनं काही घालायचं असेल, तर त्याला काय चालतं हे त्याच्या आईला आधी विचारा. जिवंत आहात तोवर विचारा.