माणसांना भिणारी सून

शेजारच्या सायराकानची सून बुरुलाय आमच्या नारीन गावातली गुरांची डॉक्टर. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू ओढून काढेल, पण चार बायका एकत्र दिसल्या की ती वाट बदलते. पाहुण्यांना चहा देताना अर्धा चहा दस्तरखानावर, जेवणासाठी अंथरलेल्या चादरीवर, सांडतो. लग्न झाल्यापासून कधी डोकं दुखतंय, कधी गाय व्यायलीय, असं सांगून ती समारंभ टाळत आली. शेवटी सबबी संपल्या आणि एका संध्याकाळी जेवताना तिनं खरं सांगून टाकलं. मी चाळणी परत द्यायला गेले होते, म्हणून कानांवर पडलं.

"आपा," ती सासूला म्हणाली, "मला माणसांची भीती वाटते. आजारच आहे तो. राजधानीत, बिश्केकच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

सायराकाननं चमचा ठेवला. "माणसांची? मग काय लांडग्यांची वाटणार?"

"लांडग्यांची नाही वाटत."

"ऐकलंत? आपण लांडग्यांहून वाईट!"

सासरा आसिलबेक गालात हसला. त्याच्या भाषणाशिवाय आमच्याकडे लग्न पार पडत नाही. "पोरी, आमच्या वेळी भ्यायला सवडच नव्हती." नवरा मिर्लान ताटातला पाव असा निरखत बसला, जणू त्यावर बातम्या छापल्या होत्या.

मग उपाय सुरू झाले. तिच्या डोक्यावर पाण्याचं भांडं धरून त्यात वितळलेलं शिसं ओतलं, घरभर धूर केला. कशानंच गुण येईना, तेव्हा सायराकाननं मेंढा कापायचा ठरवलं. सगळ्यांनी मिळून दुवा मागायची. माणसांची भीती जावी म्हणून अख्खी गल्ली जेवायला! मीही गेले. मटण कोण सोडतं?

आसिलबेकनं सुनेच्या आजारावर लांबलचक भाषण ठोकलं. लोक पोट धरून हसले. मग तो म्हणाला, "आता सूनबाई स्वतः दोन शब्द बोलतील."

बुरुलाय उभी राहिली. तोंड पांढरंफटक, बोटं ओढणीच्या टोकात गुंडाळलेली. म्हणाली, "मला भीती वाटते. आज तर जास्तच. तुमचं चालू द्या." आणि गोठ्याकडे निघून गेली.

मी तिच्यासाठी वाडगाभर रस्सा घेऊन गेले. तेवढ्यात जमालबाई आली. प्रत्येक लग्नात गाणारी, धिप्पाड बाई. "गाण्याआधी मला ओकारी होते गं," ती पुटपुटली. "कुणाला सांगू नका." ती जाते न जाते तोच मेंढ्या बघायच्या निमित्तानं आसिलबेक हजर.

"भाषणाआधी दोन पेले घेतो, ते काय चवीसाठी?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "तुझ्या सासूला कळता कामा नये."

बुरुलायनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "मग आत्ता आत हसत कोण होतं?"

"आम्हीच," आसिलबेक म्हणाला आणि मिशा पुसत परत आत गेला. लगेच त्याचा नवा विनोद आणि हशा ऐकू आला.

त्या दिवसापासून बुरुलायनं सबब सांगणं सोडलं. बोलावणं आलं की सरळ म्हणते, "भीती वाटते, येणार नाही." सायराकान आठवडाभर रुसली. आता मात्र विहिणींना ऐटीत सांगते, "आमच्या सुनेला राजधानीतला आजार आहे. असा-तसा नव्हे!"