सतरा माश्यांची दुरुस्ती

"सर, या माशीच्या पंखावर ठिपके आहेत."

साहेबांनी मान वर केली नाही. "असतील. माशीच्या नाहीत तर काय हत्तीच्या पंखावर असणार?"

"असायला नको होते. चिठ्ठीवर नाव दुसरंच आहे," ताई म्हणाल्या. "आणि चिठ्ठी मीच लिहिलीय."

आता मात्र साहेबांनी चष्मा काढला.

संग्रहालयाच्या कीटक विभागात ताईंची एकतीस वर्षं गेली होती. टाचणीला टोचलेल्या किड्याची जात ओळखायची, चिठ्ठी लिहायची, खणात ठेवायचा. निवृत्तीला अकरा दिवस उरले होते. पुढच्या माणसाच्या हवाली करायचे खण त्या एकदा नजरेखालून घालत होत्या, त्यात ही पेटी निघाली. चाळीस सोंगाड्या माश्या. विभागात त्यांना सगळे तेच म्हणत. अंगावर मधमाशीसारखी दाट लव, पुढे सुईसारखी लांब सोंड, पाहणारा फसायचाच. पण मधमाशीला पंख चार, हिला दोनच, आणि नांगी नाहीच. त्यातल्या दोन जाती वेगळ्या करायच्या त्या पंखावरून. नेहमीच्या माशीच्या पंखाची पुढची बाजू शाईत बुडवल्यासारखी काळी, आणि त्या काळ्याची कड साफ. दुसरी दुर्मीळ. तिचा काळा रंग हळूहळू विरत जातो, आणि उरलेल्या पारदर्शक भागावर बारीक ठिपके असतात.

पेटीतल्या सतरा माश्यांना ठिपके होते.

"ही खाणीच्या वेळची पेटी ना?" साहेबांनी विचारलं.

"हो. टेकडीवरचीच."

अकरा वर्षांपूर्वी टेकडीवर दगडखाण द्यायची की नाही, यासाठी तिथल्या किड्यांचा अहवाल मागवला होता. तो शनिवारी हवा होता, आणि त्याच शनिवारी ताईंची मुलगी बाळंतपणात अडली होती. ताईंनी पहिल्या दहा माश्या भिंगाखाली पाहिल्या. दहाही नेहमीच्या. उरलेल्या तीस पाहिल्याच नाहीत. तेच नाव भराभर लिहिलं आणि दवाखान्याकडे धावल्या. ‘विशेष काही आढळले नाही’ असं अहवालात गेलं. त्यावर खाणीला परवानगी मिळाली, आणि एव्हाना टेकडी अर्धी फोडून झाली होती.

"ताई, अकरा दिवस राहिलेत. कशाला नसती उठाठेव?"

"उरलेली अर्धी टेकडीही मागितलीय खाणवाल्यांनी."

साहेबांनी पेटी ताईंकडे सरकवली. मग म्हणाले, "जिवंत माशी आणून दाखवा, मग बघू. जुन्या पेटीवर मी सही करणार नाही. त्या अहवालावर माझंही नाव आहे."

घरी आल्यावर ताईंनी एकच फळी तीनदा पुसली. चहा केला आणि प्यायच्या विसरल्या.

"अगं, बस की जरा! घरभर भिरभिरतेयस," नवरा म्हणाला. तो संग्रहालयाच्याच जीपचा ड्रायव्हर होता. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "दहा पाहिल्या होत्यास ना? शितावरून भाताची परीक्षा सगळं जग करतं."

"भाताची. माश्यांची नाही."

तो उठून उभा राहिला. "त्यातल्या निम्म्या मीच पकडल्या होत्या. जाळी माळ्यावर असेल, काढतो."

तीन सकाळी दोघं स्कूटरवरून टेकडीवर गेली. या माश्या वर्षातून जेमतेम महिनाभर दिसायच्या, त्याही ऊन तापल्यावर. खालून यंत्रांची घरघर यायची, पानांवर पांढरी धूळ बसलेली. नवरा दगडावर बसून वाट बघायचा. ताईंना बसवत नव्हतं. या झुडपाकडून त्या झुडपाकडे, पुन्हा इकडे.

"तू अशी नाचलीस तर माशी यायची तीही पळेल."

तिसऱ्या दिवशी एक माशी आली. जांभळ्या फुलासमोर हवेत जागच्या जागी थांबली, सोंड खुपसली, मागे सरली आणि ताईंपासून दोन हातांवर तापल्या दगडावर पंख पसरून बसली. ताईंनी श्वास रोखला. काळा रंग विरत गेलेला. एक ठिपका. दोन. तीन, चार.

"तीच आहे," त्या पुटपुटल्या.

नवऱ्यानं जाळी अलगद उचलली, पाऊल टाकलं, आणि गुडघा दुमडून तो खाली बसला. जाळी दगडावर आपटली. उचलून पाहिली, तर रिकामी.

"माझ्या गुडघ्यानं घात केला गं," तो म्हणाला. ताईंनी त्याच्या पँटची धूळ झटकली. दुपारपर्यंत दोघं थांबली. माशी पुन्हा आली नाही.

"पकडली नाही?" साहेबांनी विचारलं. "मग ती माशी नव्हे ताई, ती अफवा."

ताईंनी वाद घातला नाही. मधल्या सुट्टीत खाणीच्या परवान्याच्या कार्यालयाला स्वतःच्या नावानं अर्ज लिहिला. ‘तीस माश्या मी न पाहता त्यांना नाव दिले. त्यातल्या सतरा दुर्मीळ जातीच्या आहेत. टेकडीवर अशी एक माशी मी काल डोळ्यांनी पाहिली, पकडता आली नाही.’ त्या तो घेऊन गेल्या, तेव्हा तिथल्या कारकुनानं अर्ज वाचला, पुन्हा वाचला.

"बाई, हे तुम्ही स्वतःविरुद्धच लिहून देताय."

"शिक्का मारा," ताई म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी त्यांनी सतरा छोट्या चिठ्ठ्या कापल्या. त्यांच्या जागी येणारी बाई, दुसऱ्या विभागातून बदलून आलेली, शेजारी बसून बघत होती.

"जुनी चुकीची फाडून टाका ना. कुणाला कळतंय?"

"फाडायची नसते. ती तशीच राहते. तिच्या खाली नवी लावायची."

प्रत्येक चिठ्ठीवर त्यांनी खरी जात लिहिली, ‘ओळख दुरुस्त’ असं लिहिलं, आणि खाली स्वतःचं नाव आणि तारीख. अक्षर आता वाकडं येत होतं. एकेक टाचणी चिमट्यानं उपसून त्या नवी चिठ्ठी ओवत गेल्या. सोळा नीट झाल्या. सतराव्या माशीचा पाय तुटून टेबलावर पडला, केसाएवढा.

बाहेरून शिपायानं हाक मारली, "ताई, सगळे थांबलेत. साहेब गुच्छ घेऊन उभे आहेत."

"आले म्हणावं."

त्यांनी भिंग ओढलं, चिठ्ठीच्या कोपऱ्यावर डिंकाचा थेंब टेकवला आणि पाय त्यावर ठेवला. मग दोन्ही हात टेबलावर ठेवून, डिंक सुकेपर्यंत त्या बसून राहिल्या.