न सोडलेलं गाठोडं

झोपडीतली मेणबत्ती कुरतडलेली दिसली आणि रिपेकाच्या काळजात धस्स झालं. या बेटावर कुरतडणारं काही नव्हतंच कधी. म्हणून तर टीटी पक्षी जमिनीत बिळं करून खुशाल पिल्लं वाढवतात, आणि दर एप्रिलला तिच्या सासरची माणसं ती पिल्लं खाण्यासाठी धरायला येतात. शेजारच्या बेटावर एका बोटीतून उंदीर उतरले होते. आता तिथं एक पाखरू नाही.

बेटाकडे निघताना ब्लफ बंदरावर बंद खोलीत सगळं सामान उपसून, उंदीर नाही ना हे बघत झटकायचं काम रिपेकाचं. पोरांच्या चड्ड्यासुद्धा तिनं सोडल्या नव्हत्या. उघडलं नाही ते एकच गाठोडं, तिच्या नवऱ्याच्या कपड्यांचं. तो गेल्या वर्षी गेला. मेलेल्याच्या सामानाला हात लावायचा नाही, ते त्याच्या बेटावर नेऊन तसंच पुरायचं, ही घरची रीत. सासूबाईंनी डोळे वटारले आणि हिनं मान खाली घातली. नियम सगळ्या जगाला, सासूबाई सोडून!

तिनं पिंजरा लावला. दुसऱ्या दिवशी तिचा दीर तेओती तो घेऊन आला. एरवी थट्टेखोर माणूस, पण चेहरा पांढराफटक.

"वहिनी, सापडली एक. मादी आहे."

"एकच ना? सुटलो बाबा!"

"कसले सुटतोय? पोट बघा तिचं. अंगावर पाजतीये ही."

सासूबाई कोपऱ्यात अजून पुरायच्या राहिलेल्या गाठोड्याशी जाऊन बसल्या.

"आई, राहू दे, मी सोडते."

"गप गं. अडवलं मी, सोडणार पण मीच."

लेकाच्या स्वेटरची लोकर कुरतडून आत मऊ घरटं केलेलं होतं. ते रिकामं होतं. तेवढ्यात भिंतीच्या फळ्यांमागून बारीक चूंचूं ऐकू आलं, मग छपराजवळून. एक फळी उचकटावी, तर पिल्लं दुसरीकडून निसटायची.

झोपडीची फळीन्‌फळी रिपेकाच्या नवऱ्यानं ठोकलेली.

"पेटव," सासूबाई म्हणाल्या.

"आई, ह्यांचं घर आहे हो ते."

"माहितीये. पेटव."

रिपेकानं रॉकेल ओतून काडी लावली. बाहेर पळणारं एकही पिल्लू सुटू नये म्हणून फावडी घेऊन सगळे भोवती उभे राहिले. समोर नवऱ्याचं घर धडधडून जळत होतं आणि तिला रडायचीही सोय नव्हती. तिला गवतावरून नजर काढता येत नव्हती.